आभासी वर्गातील परतीची वाट

बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे असे दोन भाग केले आहेत. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव. तिथून मुंबई-नागपूर लोहमार्ग जातो. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. तिथे रेल्वे नाही. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलडाणा शहरालाही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख होती आणि पाचांतली जवळजवळ चार माणसे खेड्यांत राहत होती. उच्च शिक्षणाच्या दृष्टीने हा जिल्हा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. हे विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. घाटावरच्या एखाद्या गावातून तिथे जायचे म्हणजे दिवसभराचा प्रवास.

२०२० च्या ऑगस्ट महिन्यात या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने आम्हांला लोणार सरोवरावर व्याख्यान देण्यासाठी बोलावले. बोलावले म्हणजे संगणकावर एक दुवा पाठवला. टाळेबंदीचे दिवस होते. साठेक विद्यार्थी आपापल्या घरून ऐकत होते. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून ते बेसाल्ट खडकात आघाताने तयार झाले आहे, आघाताच्या दाबाने बदललेली स्फटिके तिथे सापडल्याचे संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झाले, आघाताने उडालेला माल काठाबाहेर साधारण सव्वा ते दीड किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे, असे सगळे आम्ही सांगितले. शेवटी प्रश्न मागवले. एका विद्यार्थिनीचे नाव पडद्यावर उजळले. "सर, आमच्या विहिरीत..." एवढे ऐकू आले आणि आवाज तुटला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी नुसती खरखर आली आणि तिचे नाव यादीतून नाहीसे झाले.

दुसऱ्या दिवशी तिच्या प्राध्यापकांनी तिचा प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवला. तिचे शेत लोणारजवळ आहे. विहिरीच्या भिंतीत वरच्या बाजूला मुरूम, माती आणि लहानमोठ्या दगडांची खिचडी दिसते आणि खाली सलग काळा खडक लागतो. ती वरची खिचडी सरोवरातून उडून आलेली असू शकेल काय, आणि असल्यास ते कसे ओळखावे? सोबत एक ओळ होती : तुमचे व्याख्यान पूर्णवेळ स्पष्ट ऐकू येत होते, सर, पण माझा आवाज जात नव्हता.

आमचे शब्द तासभर तिच्यापर्यंत पोचत होते आणि तिचे एक वाक्यही आमच्यापर्यंत येत नव्हते, असे का व्हावे? याचे कारण साधे भौतिकशास्त्रीय आहे आणि नववी-दहावीच्या वर्गातही सांगता येईल. मोबाइलचा मनोरा साधारणपणे २० ते ४० वॅट शक्तीने बोलतो. हातातला फोन मात्र फार तर ०.२ वॅटने बोलतो. बॅटरीची मर्यादा आणि वापरणाऱ्याची सुरक्षितता, दोन्हींसाठी ते आवश्यक असते. म्हणजे शेकडो पटींचा फरक. मनोऱ्यावरचे ग्राहक यंत्र अतिशय संवेदनक्षम असते, त्यामुळे हा फरक बराचसा भरून निघतो, पण सगळा नाही. मनोऱ्यापासून दूर, त्याच्या क्षेत्राच्या कडेला असलेल्या गावात आधी फोनचे बोलणे तुटते, ऐकणे त्यानंतर. म्हणून कडेचा माणूस ऐकू शकतो, पण विचारू शकत नाही.

आभासी वर्गाचा इतिहास सांगताना शिक्षकाचा आवाज आणि चित्र किती दूर पोचले, किती केंद्रांवर पोचले हेच बहुधा सांगतात. या प्रसंगानंतर आम्ही तो इतिहास दुसऱ्या टोकाकडून वाचू लागलो. विद्यार्थ्याचा प्रश्न शिक्षकाकडे परत यायला प्रत्येक वेळी कोणती वाट होती, हे पाहत गेलो तर ओळखीच्या प्रयोगांचे चित्र बरेच बदलते.

चित्राविना वर्ग

'आभासी वर्ग' या शब्दापासूनच सुरुवात करू. अमेरिकेत न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत मरे टुरॉफ यांनी १९७० च्या दशकात संगणकाच्या जाळ्यावरून लेखी चर्चा करण्याची एक प्रणाली तयार केली होती. तिच्या आधारे स्टार रॉक्सेन हिल्ट्झ या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ ते १९८७ या काळात महाविद्यालयीन अभ्यासक्रम शिकवण्याचा प्रयोग केला आणि त्या आज्ञावलीला 'व्हर्च्युअल क्लासरूम' असे नाव दिले. १९९४ साली याच नावाचे त्यांचे पुस्तक निघाले.

आज या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे चौकटीचौकटींतले चेहरे येतात. मूळच्या आभासी वर्गात एकही चेहरा नव्हता, आवाजही नव्हता. होता तो फक्त मजकूर. शिक्षक टिपण लिहून ठेवी, विद्यार्थी आपल्या सवडीने ते वाचून उत्तर किंवा शंका लिहीत, आणि इतर विद्यार्थी त्यावर लिहीत. काही प्रश्नांत तर अशी सोय होती की स्वतःचे उत्तर लिहिल्याशिवाय दुसऱ्यांची उत्तरे दिसतच नसत. (वर्गात पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने उत्तर देऊन टाकले की बाकीचे विचार करणे सोडतात, हा अनुभव असलेल्या शिक्षकांना या सोयीची किंमत लगेच कळेल.) परीक्षेतल्या गुणांमध्ये नेहमीच्या वर्गापेक्षा सरसकट मोठा फरक पडला नाही, पण ज्यांना शिकण्याची ओढ होती आणि संगणक सहज मिळत होता त्यांना या वर्गाचा फायदा झाला, असे हिल्ट्झ यांना आढळले. बाकीचे मागे पडत गेले.

याच्याही आधी, १९५१ साली, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ॲलिस स्प्रिंग्ज येथे 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाली होती. शेकडो किलोमीटर अंतरावर विखुरलेल्या गुरांच्या वाड्यांवरची मुले रेडिओवरून धडे ऐकत. वाड्यांवर वीज नव्हती. ॲल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ च्या सुमारास सायकलसारखे पायटे मारून चालवायचा रेडिओसंच बनवला होता. तो डॉक्टरला बोलावण्यासाठी होता, म्हणून त्यावरून ऐकता यायचे तसे बोलताही यायचे. शाळेने तोच संच वापरला. सुरुवातीला धडे एकतर्फीच होते. थोड्याच काळात शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ ठेवण्यात आली. वाट आधीपासून होती, शाळेने ती वापरायचे ठरवले एवढेच.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात अशाच रेडिओशाळेत शिकलेला एक मुलगा पुढे पर्थ येथे संगणकतज्ज्ञ झाला. त्याचे नाव मार्टिन डुगियामास. त्याने तयार केलेल्या 'मूडल' या आज्ञावलीची पहिली आवृत्ती २००२ साली निघाली. ती सर्वांना मोफत वापरता येते आणि आज आपल्याकडच्याही कित्येक विद्यापीठांत व महाविद्यालयांत वापरली जाते. तिच्या रचनेत व्याख्यानापेक्षा चर्चेला मोठी जागा आहे. वाळवंटातल्या रेडिओशाळेचा त्याच्याशी किती संबंध लावावा हे सांगणे कठीण. आम्हांला मात्र तो अगदीच योगायोग वाटत नाही.

आकाशातून एकमार्गी

आपल्याकडे ही गोष्ट उपग्रहापासून सुरू होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' हा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवले होते. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या सर्वांत जवळची खेडी कर्नाटकात गुलबर्गा, रायचूर, विजापूर या जिल्ह्यांत होती. या प्रयोगाचे शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आणि आज विसरले गेलेले अंग म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांची १२ दिवसांची शिबिरे. दोन फेऱ्या मिळून पन्नास हजारांच्या आसपास शिक्षकांनी हे प्रशिक्षण घेतले. दूरचित्रवाणी, रेडिओ, छापील साहित्य आणि हाताने करायचे प्रयोग असा एकत्रित संच होता आणि प्रत्येक केंद्रावर मदतीला एक माणूस होता. हा माणूस लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटेल.

खेड्यातल्या संचाला जोडलेली थाळी तीन मीटर व्यासाची होती आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची केलेली होती. स्वस्त, हलकी, बैलगाडीतूनही नेता येईल अशी. अहमदाबादच्या भूकेंद्राची थाळी १४ मीटर व्यासाची होती. दोहोंच्या आकारांत त्या काळाची सारी अडचण दिसते. ऐकायला जाळी पुरत होती, बोलायला भूकेंद्र लागत होते.

पुढे इन्सॅट-१बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये गेला आणि १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. त्या कार्यक्रमांची निर्मिती करणाऱ्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. शाळांसाठी त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी होते, निर्मिती काळजीपूर्वक केलेली असे आणि भाषा मुख्यतः इंग्रजी. दुपारच्या वेळी वीज असली तर मेहकरच्या विद्यार्थ्यालाही मुंबईच्या विद्यार्थ्याइतकेच चित्र दिसू शकत होते, आणि डोंगर आड येण्याचा प्रश्न उपग्रहाला नव्हता. रेखांश ७४ अंशांवरच्या भूस्थिर उपग्रहाचेच उदाहरण घ्या. बुलडाण्याहून तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ६६ अंश उंचीवर असतो; घाटावर असो की घाटाखाली, थाळीला फरक पडत नाही.

प्रश्न विचारायचा तर पोस्टकार्ड लिहावे लागे. पण पोस्टकार्डाला आम्ही कमी लेखणार नाही. प्रा. यशपाल हे 'साइट'च्या काळात अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक होते आणि १९८६ ते १९९१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. म्हणजे आकाशातून खाली येणाऱ्या वाटेच्या बांधकामात त्यांचा मोठा वाटा होता. तरी देशातली सामान्य माणसे त्यांना ओळखत ती नव्वदच्या दशकात दूरदर्शनच्या 'टर्निंग पॉइंट' कार्यक्रमात प्रेक्षकांच्या शंकांना उत्तरे देणारे म्हणून. दाढीवाले एक गृहस्थ कोणाची तरी शंका गंभीरपणे घेतात, हे पाहायला घराघरांत लोक बसत. त्या काळात शाळेत असलेल्या अनेकांप्रमाणे आम्हीही एक पत्र लिहिले होते. ते टाकायचे राहून गेले.

ऐकणारी केंद्रे आणि बोलणारी केंद्रे

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रो, विद्यापीठ अनुदान आयोग आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ यांनी 'टॉकबॅक' प्रयोग केले : चित्र उपग्रहावरून खाली येणार आणि प्रश्न दूरध्वनीवरून वर जाणार. १९९६ साली मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात अशी मोठी योजना सुरू झाली. तिथे १५० खेड्यांत फक्त ग्रहण करणारे संच होते आणि प्रश्न विचारण्याची सोय केवळ १२ ठिकाणी.

मग आला एज्युसॅट. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ०१ यानाने सुमारे १,९५० किलोग्रॅम वजनाचा हा उपग्रह सोडला. केवळ शिक्षणासाठी बनवलेला तो आपला पहिला उपग्रह होता. त्याच्या आधीच्या चाचणीसाठी इन्सॅट-३बी वापरून तीन विद्यापीठे जोडली होती : कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, मध्य प्रदेशातील राजीव गांधी तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि आपले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यभर विखुरलेली असल्याने ही निवड स्वाभाविक होती.

एज्युसॅटच्या जाळ्यात केंद्रे दोन प्रकारची असत. एकाला एसआयटी म्हणत; तिथून चित्र व आवाज परतही पाठवता येई. दुसऱ्याला आरओटी, ते फक्त पाहू व ऐकू शके. दुसरा प्रकार बराच स्वस्त होता. अंदाजपत्रक आखणाऱ्याने ठरावीक पैशांत केंद्रांची संख्या वाढवायची म्हटले की कोणता प्रकार निवडला जाणार हे सांगायला नको. अहवालात 'जोडलेली केंद्रे' हा एकच रकाना असला तर मुके केंद्र आणि बोलके केंद्र सारखेच मोजले जाते.

बोलक्या केंद्रांनाही एक अडचण होती, ती पैशांनी सुटणारी नव्हती. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. विद्यार्थ्याचा आवाज वर जाऊन खाली यायला ७२,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. प्रकाशवेगाने त्याला सुमारे ०.२४ सेकंद लागतात. शिक्षकाचे उत्तर परत जायला तेवढेच. म्हणजे प्रश्न संपल्यापासून उत्तराचा पहिला शब्द कानी पडेपर्यंत निदान अर्धा सेकंद शांतता. हा काळ ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण समोरचा ऐकत नाही असे वाटून विद्यार्थी प्रश्न पुन्हा उच्चारू लागतो, तेवढ्यात शिक्षकाचे उत्तर येऊन आदळते, मग दोघेही थांबतात आणि दोघेही पुन्हा एकदम सुरू करतात. असे दोनदा झाले की लाजाळू विद्यार्थी 'काही नाही सर' म्हणून खाली बसतो. वर्गात हे मिनिटभर करून पाहण्यासारखे आहे : दोन मुलांनी पाठमोरे बसून बोलायचे, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे वाक्य संपल्यावर मनात एक आकडा मोजूनच उत्तर द्यायचे.

एज्युसॅटचे काम २०१० साली संपले. २०१३ साली महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या योजनेवर टीका केली. जोडणीला झालेला विलंब, अभ्याससाहित्याची उणीव आणि व्यवस्थापनातली ढिलाई ही त्यातली मुख्य कारणे. उपग्रहात दोष नव्हता.

पवई ते शेगाव

आता आपण घाटाखाली येऊ. २००९ साली केंद्र सरकारने माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या साह्याने शिक्षण देण्याचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्याखाली पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी कार्यशाळांची मालिका चालवली. आधी हजार आणि मग दहा हजार शिक्षकांचे प्रशिक्षण असे तिचे उद्दिष्ट वाढत गेले. देशभरातली महाविद्यालये 'दूरस्थ केंद्रे' म्हणून निवडली गेली. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय हे १९८३ साली स्थापन झालेले महाविद्यालय त्यांपैकी एक.

या कार्यशाळांसाठी वापरलेली आज्ञावली होती 'ए-व्ह्यू'. ती केरळातील अमृता विश्व विद्यापीठम् या संस्थेने तयार केली होती. आता संदेश उपग्रहाऐवजी काचतंतूतून जात होता. रेल्वेमार्गाने मुंबई ते शेगाव अंतर सुमारे ५५० किलोमीटर आहे. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर असतो, म्हणजे एवढे अंतर कापायला तीन सहस्रांश सेकंदही लागत नाहीत. वाटेतली यंत्रे आणि चित्राचे आकुंचन-प्रसरण यांत आणखी वेळ जातो, तरीही उपग्रहाची ती सक्तीची शांतता इथे नाही. शेगावच्या सभागृहातल्या शिक्षकाला शंका आली की केंद्राचा समन्वयक पडद्यावरचे 'हात वर' हे बटण दाबी. पवईतला नियंत्रक यादीतून एक केंद्र निवडी आणि त्या केंद्राचे चित्र पवईत व इतर सर्व केंद्रांवर दिसू लागे. परतीची वाट एकदाची खुली झाली, आणि तिच्यावर चित्रही येऊ लागले.

आता दुसरी अडचण दिसू लागली. १० आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी 'आकाश' या स्वस्त टॅब्लेट संगणकाच्या शैक्षणिक उपयोगावर झालेल्या कार्यशाळेत दहा हजारांच्या आसपास शिक्षक एकाच वेळी सहभागी झाले. आपण एक हिशेब करू. प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला आणि प्रश्न-उत्तर मिळून एकच मिनिट लागले असे धरले, तरी १०,००० मिनिटे लागतील. म्हणजे १६६ तास आणि वर ४० मिनिटे. न झोपता, न जेवता जवळजवळ सात दिवस. तारेची क्षमता कितीही वाढवली तरी हा आकडा कमी होत नाही, कारण आता अडते ते उत्तर देणाऱ्याच्या तोंडाशी.

आयोजकांना हे कळलेले होते, आणि या मालिकेतली आम्हांला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट हीच. नेहमीच्या कार्यशाळेच्या आधी प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला पवईला बोलावून त्या विषयाचे प्रशिक्षण देत. मग व्याख्यान पवईहून, पण प्रात्यक्षिके आणि शंकानिरसन शेगावात शेगावच्याच माणसाकडून. लेखी चर्चेसाठी मूडल होतेच. 'साइट'मध्ये केंद्रावर मदतीला ठेवलेला माणूस इथे पुन्हा भेटतो. बहुतेक प्रश्नांना मुंबईपर्यंत जाण्याची गरजच नसते. ज्या प्रश्नाचे उत्तर स्थानिक माणसाला देता येत नाही तोच पुढे पाठवला की पुढची वाट मोकळी राहते. उष्णतावहन असो की संगणकातली माहितीसाठ्यांची रचना, हे सूत्र सारखेच लागू पडले.

पुन्हा २०२०

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि हा मधला माणूस एका दिवसात नाहीसा झाला. केंद्रे बंद, सभागृहे बंद. प्रत्येक विद्यार्थी आपल्या घरी, आपल्या फोनसह, थेट शिक्षकासमोर. झूम, गूगल मीट, टीम्स ही नावे घरोघर गेली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या १४.९ टक्के ग्रामीण कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. संगणक तर ४.४ टक्के कुटुंबांकडेच. त्यामुळे बहुतेकांचा वर्ग म्हणजे फोनचा पडदा, आणि फोनची परतीची वाट किती अरुंद असते ते आपण सुरुवातीला पाहिलेच.

या आज्ञावल्या आतून कशा चालतात ते थोडे पाहू. साठ जणांनी एकमेकांना थेट आपले चित्र पाठवायचे ठरवले तर ६० गुणिले ५९, म्हणजे ३,५४० प्रवाह लागतील आणि प्रत्येक फोनला आपल्या चित्राच्या ५९ प्रती वर पाठवाव्या लागतील. कोणताही फोन ते करू शकणार नाही. म्हणून मध्ये एक मोठा संगणक असतो. प्रत्येकजण त्याला एकच प्रत पाठवतो आणि पुढचे वाटप तो करतो. तरी चित्राच्या त्या एका प्रतीला सेकंदाला तीन लाख बिट सहज लागतात. आवाजाला तीस हजारांच्या आसपास पुरतात. 'कॅमेरे बंद ठेवा' असे शिक्षक वारंवार सांगत, त्यामागे हा दहापटींचा हिशेब होता.

आणि मजकुराला? दोनशे अक्षरांचा देवनागरी प्रश्न घेऊ. संगणकात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना-मात्रा वेगळी चिन्हे धरली जातात, पण सोयीसाठी एकूण चिन्हेच दोनशे मानू. ६०० बाइट म्हणजे ४,८०० बिट. आवाजाच्या प्रवाहात एवढी जागा जेमतेम ०.१६ सेकंदात संपते. त्याहून महत्त्वाचा फरक दुसराच आहे. जिवंत आवाजाचा तुकडा उशिरा आला तर त्याचा उपयोग नसतो, म्हणून आज्ञावली तो टाकून देते आणि आपल्याला खरखर ऐकू येते. लेखी मजकुराचा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो, पोचेपर्यंत. क्षेत्राच्या कडेला असलेल्या फोनवरून म्हणूनच तिचा आवाज आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर लेखी प्रश्न मात्र अक्षरही न गाळता आला. हिल्ट्झबाईंच्या वर्गातले साधन आमच्या पडद्याच्या कोपऱ्यात व्याख्यानभर होते. त्यात लिहा, असे सांगायचे आम्हांला सुचले नाही.

२०२१ च्या जानेवारीत त्याच विद्यार्थ्यांपुढे पुन्हा बोलायची वेळ आली तेव्हा आम्ही व्याख्यानाची टिपणे आणि आकृत्या आठवडाभर आधी पाठवल्या आणि शंका लेखी मागवल्या. त्यांतल्या बऱ्याचशा शंकांची उत्तरे महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी परस्पर दिली. उरलेल्यांवर तासभर बोलणे झाले. तासाची सुरुवात आम्ही विहिरीच्या प्रश्नाने केली.

तिला दिलेले उत्तर असे होते. मूळचा बेसाल्ट सलग थरांनी असतो. आघाताने उडालेल्या मालात ताजे आणि कुजलेले, निरनिराळ्या थरांतले तुकडे कसेही मिसळलेले असतात, आकाराप्रमाणे निवडले गेलेले नसतात. ओढ्याने आणलेल्या गाळात बहुधा थोडीफार प्रतवारी दिसते आणि धोंड्यांच्या कडा झिजलेल्या असतात. पण नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येणार नाही. दगडाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागेल. शिवाय दोन थरांच्या मधोमध जुन्या जमिनीची, मातीची एखादी पट्टी दिसते का ते पाहा, असे आम्ही सांगितले. लोणारच्या वयाविषयी सुमारे ५० हजार वर्षे आणि सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे दोन फार वेगळे अंदाज प्रसिद्ध झालेले आहेत. उडालेल्या मालाखाली गाडली गेलेली माती जिथे दिसते अशा जागा म्हणूनच मोलाच्या असतात, आणि अशा जागा उघड्या पडतात त्या बहुधा शेतकऱ्यांच्या विहिरींमध्ये.

तिने विहिरीच्या भिंतीचे छायाचित्र पाठवले, शेजारी मापासाठी पट्टी धरून. छायाचित्रावरून आम्हांला काही ठरवता आले नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत विहिरीचे पाणी बरेच खाली गेल्यावर आम्ही तिथे गेलो. तिच्या वडिलांनी दोर बांधून दिला. खिचडीसारखा थर तिने लिहिले होते तसाच होता, पुरुषभर उंचीचा. त्याखाली, काळ्या खडकाच्या माथ्यावर, बोटभर जाडीची तपकिरी पट्टी होती. छायाचित्रात ती सावलीत गेली होती. तिन्ही ठिकाणचे नमुने आम्ही पिशव्यांत भरले आणि पिशव्यांवरचे क्रमांक तिनेच घातले.